डावऱ्या हाताच्या काड्या

फोन आला तेव्हा मी कुरुंदवाडला माझ्या घरी मशीनवर बसून एका ब्लाउजची बाही उसवत होते. सकाळचे आठ वाजले होते. दादाच्या घरून त्या वेळी फोन येत नाही, कारण तेव्हा वहिनीचे हात पिठात असतात. "वन्सं, हे उठंनात," ती म्हणाली, "कवाधरनं हाका मारालोय, हलवून बघितलं... अंग गार लागतंय ओ." मी ब्लेड ड्रॉवरमध्ये ठेवलं, मशीनवर कापड टाकलं आणि कोल्हापूरची एसटी धरली. खोटं कशाला सांगू, गाडीत मी रडले नाही. हातकणंगले मागे पडेपर्यंत डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की आता मी मोकळी झाले. दादा जिवंत असेपर्यंत एका गोष्टीबद्दल तोंड उघडायचं नाही, अशी शपथ त्याने मला घातली होती. चार वर्षं मी ती पाळली. माझ्यासारख्या बाईने चार वर्षं गप्प बसणं म्हणजे काय असतं, ते माझ्या नवऱ्याला विचारा. त्या सकाळी ती शपथ संपली आणि आज सव्वा महिन्याने मी लिहायला बसले आहे.

या पुरवणीच्या संपादकबाईंनी मला फोनवर बजावलं आहे, "आठवणी लिहा, कुणावर टीका नको, नाव तर अजिबात नको." ठीक आहे, नाव नाही लिहीत. मी ज्याच्याबद्दल लिहिणार आहे त्यानेही माझ्या भावाचं नाव कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे सुरुवातीलाच फिट्टंफाट झाली.

माझा भाऊ म्हणजे दत्तू मिस्त्री. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत त्याने सगळी उमर पॅटर्नमेकर म्हणून काढली. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तो नमुना वाळूत दाबून काढून घेतला की जी पोकळी उरते, तिच्यात वितळलेलं लोखंड ओततात. लाकडावर एवढासा ओरखडा राहिला तरी तो लोखंडावर उमटतो. त्यामुळे पॅटर्नमेकरचं अर्धं आयुष्य घासण्यात जातं. आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग मधला, मग अगदी बारीक. दादाची बोटं घासून घासून इतकी गुळगुळीत झाली होती, की पुढे आधारकार्डाच्या वेळी त्याचे ठसेच उमटेनात. मशीनवरची पोरगी वैतागली आणि हा मात्र खूश होऊन सगळ्यांना सांगत फिरला.

पण त्याच्याबद्दल खरी सांगायची गोष्ट म्हणजे तो डावरा होता. आमच्या लहानपणी ही साधी गोष्ट नव्हती. शाळेत गुरुजी त्याच्या डाव्या हातावर पट्टी मारायचे, लग्नाच्या पंगतीत आण्णा, म्हणजे आमचे वडील, चारचौघांत त्याचा डावा हात पानावरून उचलून मांडीवर ठेवायचे. फौंड्रीत लागला तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी "ह्या डावऱ्याला कशाला आणलाय?" म्हणून सगळ्यांदेखत विचारलं. तिथली पटाशी, रंधा, घासायचे ठोकळे, सगळं उजव्या हातासाठी केलेलं. दादा कुणाशी भांडला नाही. भांडायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे होतं. त्याने आपल्या हाताला बसतील अशी घासायची हत्यारं स्वतःच करायला सुरुवात केली, टाकाऊ वस्तूंतून, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. शेवटी शेवटी तोच म्हातारा मिस्त्री नाजूक काम आलं की "दत्तूकडं द्या" म्हणायला लागला होता. हे दादाने मला कधी सांगितलं नाही. त्याच्या निवृत्तीच्या चहाला दुसऱ्या एका कामगाराने सांगितलं.

निवृत्तीनंतर तो मॉडेलं करायला लागला. घराच्या मागच्या पडवीत एक फळी टाकली आणि त्यावर एक आख्खं गुऱ्हाळ उभं केलं. चुलवण म्हणजे मोठी चूल, तिच्यावरची रस आटवायची काहील, रसाची टाकी, गुळाच्या ढेपा आणि ऊस पिळायचा चरक. सगळं लाकडाचं आणि सगळं मिळून दोन पोळपाट शेजारी ठेवले तर त्यांवर मावेल एवढं. चरकाचे दाते तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे असतील. दोन दात्यांच्या मधल्या खाचेत घासायला बाजारात मिळणारं काहीच शिरेना, तेव्हा त्याने पॉलिश पेपर चिकटवायला आइस्क्रीमच्या काड्या धरल्या. त्या काड्या आणायचा कुठून, तर रंकाळा तलावावरून. संध्याकाळी लोक तिथे हवा खायला यायचे आणि हा खाली बघत फिरायचा. एकदा माझ्या नणंदेने त्याला काड्या वेचताना बघितलं आणि घरी येऊन मला मोठ्या काळजीने विचारलं, "भावाची तब्येत बरी हाय न्हवं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादाला म्हटलं, अरे, हेड मिस्त्री होतास, जरा मान ठेव स्वतःचा. तो म्हणाला, "सुमे, लोकं आइस्क्रीम खात्यात आन् हत्यार टाकून जात्यात."

काड्या झाल्या, मग कपडे वाळत घालायचे चिमटे. त्यांच्या चोचीला आतून कागद चिकटवला, की पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी एकदम घासता यायची. एका सकाळी वहिनीची न्हाणीतली रबरी स्लिपर गायब झाली, एकच, डाव्या पायाची. वहिनीने मोरीपासून कोनाड्यापर्यंत सगळं घर पालथं घातलं. संध्याकाळी पडवीत तिचे चौकोनी तुकडे कागद चिकटवून ओळीने मांडलेले दिसले. काहिलीचा गोलावा घासायला मऊ ठोकळा लागतो म्हणे. वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि उरलेली एक स्लिपर तिने मुद्दाम त्याच्या फळीवर नेऊन ठेवली. त्याने तिचेही तुकडे केले.

त्याची एक सवय होती, ती इथे सांगायलाच हवी. फौंड्रीत ज्याचं हत्यार त्याचं नाव त्याच्यावर असायचं. दादाने ती रीत घरी आणली. कुणाला काडी दिली तर तो तिच्या मागच्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीने त्या माणसाचं नाव लिहून देत असे, सुटं सुटं अक्षर, डाव्या हाताने लिहिल्यामुळे थोडं मागे कललेलं, आणि इतकं दाबून, की लाकडात खाचा पडायच्या. मी शिवणकाम करते, म्हणून कापडावर आखायच्या खडूला धार लावायला त्याने मलाही एक काडी दिली. तिच्यावर 'सुमे' लिहिलं आहे. मी उजवी आहे. माझ्या काडीचं टोक त्याने माझ्या हाताप्रमाणे कापलं होतं, हे मला तेव्हा कळलंही नव्हतं.

आता त्या माणसाकडे येते. राजारामपुरीत त्याचे ड्रॉइंगचे क्लास आहेत. मुलांना मॉडेल करून दाखवावं लागतं आणि याला स्वतःला चौकोनी खोका धड जोडता येत नव्हता, म्हणून कुणाकडून तरी पत्ता काढत तो दादाकडे आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला इतका गोड की मला पहिल्याच दिवशी संशय आला. "मामा, तुमच्या पायाशी बसून शिकायचंय." दादा म्हणाला, "पायाशी कशाला, पाट घ्या की पावणं." तो आठ महिने दर रविवारी येत होता. वहिनीच्या हातचा चहा प्यायला, थालीपीठं खाल्ली, आणि दादाने त्याला सगळं दाखवलं, काहीही हातचं राखून न ठेवता. मग एक दिवस त्याने दादाचा सगळा संच मुलांना दाखवायला म्हणून मागून नेला. सहा काड्या, दोन चिमटे, दोन स्लिपरचे ठोकळे. प्रत्येकावर दादाचं नाव होतं. त्या रविवारनंतर तो आला नाही.

पुढच्या दिवाळीच्या आधी मी अस्तराचं कापड घ्यायला राजारामपुरीत गेले होते, तर एका स्टेशनरीच्या दुकानात काचेआड खोका दिसला. सहा काड्या, दोन चिमटे, दोन ठोकळे. झाकणावर त्याचा हाताची घडी घातलेला फोटो आणि खाली 'सरांच्या स्वतःच्या संशोधनातून'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे एक खोका घेतला, अस्तर राहिलंच, आणि रिक्षाने दादाकडे. दादाने झाकण उघडलं. एक काडी उचलली, टोकावरून अंगठा फिरवला, दुसरी उचलली... आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. "सुमे, त्यो डावरा न्हाय की," म्हणाला. "सगळं उजव्या हातानं करतोय. आन् काड्या माझ्या हाताच्या इकायलाय."

झालं होतं असं. दादाच्या काडीचं टोक तिरकं कापलेलं असे आणि कागद एकाच बाजूला. त्यामुळे ती एकाच हाताला बसते. डावऱ्याने धरली तर टोक खाचेत सपाट बसतं. उजव्याने धरली तर नुसता कोपरा लाकडात रुततो आणि ओरखडा पडतो. आठ महिने समोर बसून या गृहस्थाने दादाचा हात कधी बघितलाच नाही. काडी बघितली, जशीच्या तशी उतरवली आणि शेकड्याने कापून घेतली. घेणाऱ्या मुलांना वाटणार आपल्यालाच जमत नाही. मी म्हटलं, "दादा, आत्ता जाते आणि त्याच्या क्लासात सगळ्या पोरांदेखत सांगते." दादाचं हसू थांबलं. "माझ्या जित्तेपणी ह्यातलं एक अक्षर कुणाला बोलायचं न्हाय. माझी शपथ हाय तुला." मला वाटलं, व्वा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या भावाला सूड घ्यायची अक्कल आली. त्या माणसाला न सांगता त्याची फजिती होऊ द्यायची, बसल्या जागी. मी आनंदाने शपथ घेतली आणि चार वर्षं मनातल्या मनात त्या माणसाचं मातेरं होताना बघत राहिले.

दादाच्या रक्षाविसर्जनाला तो आला. पांढरा शर्ट, काळा चष्मा. नदीवर जमलेल्या माणसांपुढे दोन शब्द बोलायला उभा राहिला. म्हणाला, "दत्तूमामा आमच्या क्लासचे जुने मदतनीस. काड्या चिकटवून द्यायचे, हौस होती त्यांना." मदतनीस! वहिनीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की दुसऱ्या दिवशी तिथे बांगडीचा वळ होता. मी तिच्यासाठी गप्प बसले. तिच्या नवऱ्याच्या राखेपुढे तमाशा नको म्हणून. पण तेव्हाच ठरवलं, की या माणसाला सोडायचं नाही. त्याने माझ्या भावाचे दिवस चोरले, नाव चोरलं, आणि ज्या हातासाठी तो लहानपणापासून मार खात आला, तो हातही चोरला, कुणाचा आहे हे न बघता.

म्हणून आता सगळ्यांसमक्ष सांगते, ऐका. आइस्क्रीमची काडी घ्या, पाण्यात उकळून वजनाखाली वाळवा म्हणजे सरळ होते. टोक तिरकं कापा. कागद चिकटवायची बाजू खाली धरली की लांब कोपरा डावीकडे आला पाहिजे. डावरे असाल तर उजवीकडे. पॉलिश पेपर उलटा ठेवून त्याच्या पाठीवर सुतारकामाचा पांढरा गोंद लावून काडी ठेवा, वर वरवंटा ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. मग काडीच्या कडेने ब्लेड फिरवून जास्तीचा कागद काढा. कागदाच्या पाठीकडूनच कापा, नाहीतर ब्लेडची धार जाते. चिमट्याचं आणि स्लिपरचं वर सांगितलंच आहे. तीन प्रकारचे कागद, खरखरीत, मधला, बारीक, आणि याच क्रमाने घासायचं, मधला टाळायचा नाही. झालं. एवढंच त्या खोक्यात आहे. मुलांच्या आईबापांनो, हा कागद कापून घरात ठेवा आणि मुलाला घेऊन रंकाळ्यावर जा. तो खोका दुकानात धूळ खात पडला पाहिजे, एवढीच माझी इच्छा आहे आणि ती सांगायला मला लाज वाटत नाही.

इथेच हा लेख संपायचा होता. पण बारावं झाल्यावर वहिनीबरोबर पडवी आवरायला घेतली, तेव्हा फळीमागे तोच खोका सापडला, मी राजारामपुरीतून आणलेला, त्या माणसाच्या फोटोचा. उघडला तर आत दुकानातल्या काड्या नव्हत्या. दादाच्या हातच्या सहा नव्या काड्या होत्या. मी एक उचलली आणि ती माझ्या हातात चपखल बसली. उजव्या हाताच्या काड्या. मागे उलटून बघितलं, तर प्रत्येक काडीवर मागे कललेल्या अक्षरांत त्या माणसाचं नाव.

मी वहिनीकडे बघितलं. ती खाली बसली. "मला ठावं हुतं," म्हणाली. "तुम्ही खोका आणून दिला, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात करायला घेतल्या. म्हणाले, पोरांचं काम नासतंय, त्येंचा काय दोष. घिऊन गेलते त्येच्या क्लासात. मी बी हुतो संगं. दीड तास दारातल्या बाकड्यावर बसलो, ह्येंच्या मांडीवर खोका. मग त्यो आला बाहेर, म्हणाला, मामा, आज जरा गडबड आहे, काय असंल ते शिपायाकडं देऊन जावा." वहिनी पदराने खोका पुसत राहिली. "हे उठले आन् खोका घिऊन घरला आले. शिपायाच्या हातात द्यायची वस्तू न्हाय म्हणाले." मला का नाही सांगितलंस, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही त्या क्लासची एक तरी काच ठिवली असती काय?"

तेव्हा मला पहिल्यांदा दादाचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो, त्याला इलाज नाही. चार वर्षं मी समजत होते की आम्ही दोघं मिळून सूड घेतोय, आणि हा माझ्या पाठीमागे त्या चोराच्या हाताचं माप आठवून काड्या कापत होता. शपथ सुडाची नव्हतीच. मी जाऊन त्या माणसाची पोरांसमोर लाज काढू नये, एवढ्यासाठी होती. आणि त्या माणसाने त्याला बाकड्यावर बसवून ठेवलं! तो खोका मी कुरुंदवाडला घेऊन आले. वहिनी नको म्हणाली नाही.

मग मी एक ठरवलं. त्या माणसाने दादाच्या काड्या नेल्या, तेव्हा त्यांच्यावरचं दादाचं नाव त्याने घासून काढलं असणार, आणि तेही दादाकडून शिकलेल्या पद्धतीने. मी तेच करायचं. दुपारी जेवणं झाली की मशीनपाशी बसायचं, माझी 'सुमे' लिहिलेली काडी घ्यायची आणि त्याचं नाव घासायचं. खाचा खोल होत्या, लवकर जात नव्हत्या. काडीला एकेक कागद गुंडाळत आधी खरखरीत, मग मधला, मग बारीक, काही टाळलं नाही. एका काडीला दोन दुपारी लागल्या. पहिली कोरी झाली तेव्हा इतकं बरं वाटलं, की उठून चहा केला. दुसरी झाली. तिसरी झाली. आमचे हे म्हणाले, "काय करायलाईस त्या काड्यांचं?" मी म्हटलं, "सूड घ्यायलोय."

चौथी धरली. पहिलं अक्षर निम्मं गेलं होतं, भुसा उडवायला मी फुंकर मारली आणि उरलेल्या अक्षरांकडे नीट बघितलं. दादाने आयुष्यात कुणाला पत्र लिहिलं नाही. पगाराच्या वहीत सही, तेवढं. त्याने मला दिलेली काडी सोडली, तर त्याच्या हातचं काही लिहिलेलं माझ्याकडे नाही. आहे ते या काड्यांवर. ज्या डाव्या हातावर गुरुजींनी पट्टी मारली, त्या हाताने दाबून लिहिलेलं. तीन काड्यांवरचं मी स्वतः घासून वर्तमानपत्रावर पाडलं होतं, आणि तो कागद रोज झटकून टाकला होता.

माझा राग तसाच आहे. काड्या त्याला मिळणार नाहीत, तो स्वतः दारात येऊन उभा राहिला तरी नाही. खोका माझ्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहे, तीन काड्या कोऱ्या आणि तीन लिहिलेल्या, एकीचं पहिलं अक्षर अर्धवट. खडूला धार लावायला ड्रॉवर उघडते तेव्हा रोज दिसतात. या आख्ख्या लेखात ज्याचं नाव मी लिहिलं नाही, त्याचं नाव माझ्या घरात तीन ठिकाणी लिहिलेलं आहे, आणि ते मला पुसता येत नाही.